आमच्या घरातली आयी

बदलीचा कागद हातात पडला, की बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सामान काय काय न्यायचं?' परवाच ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. तिच्या नवऱ्याला कंपनी चीनला पाठवते आहे. पोळपाट न्यावा का, कुकर तिथे मिळतो का, मिक्सर चालेल का, असे तिचे वीस प्रश्न. मी सगळ्यांची उत्तरे दिली. कुकर इथूनच न्यावा, जोडीला दोन रबरी रिंगा घ्याव्यात. मिक्सर चालतो, तिथेही वीज २२० व्होल्टचीच, फक्त पिनेची घडण वेगळी. तूरडाळ, हिंग आणि गोडा मसाला भरपूर न्यावा. साबुदाणा नेला तर बरे, कारण तिथे मिळतो तो बारीक असतो, नारळाच्या दुधातल्या गोडासाठी वापरतात. त्याची खिचडी करायला गेलात तर खळ होते. हे सगळे सांगून फोन ठेवला आणि मग लक्षात आले, की आयीबद्दल सांगायचे राहूनच गेले. म्हणून या वेळी तुम्हाला आयीची गोष्ट सांगते.

२०११ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सुझौला गेलो. यांची कंपनी यंत्रांचे सुटे भाग करते, तिचा तिथे कारखाना होता. थोरली तेव्हा आठ वर्षांची, धाकटी अडीच. सुझौ हे शांघायच्या पश्चिमेचे गाव. २०१० साली वेगवान रेल्वे सुरू झाल्यापासून शांघाय तिथून अर्ध्या तासावर आले. जुने सुझौ कालव्यांचे, कमानदार दगडी पुलांचे, रेशमाचे आणि बागांचे. तिथल्या बागा १९९७ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. आम्ही राहायला गेलो ते मात्र नवे सुझौ. १९९४ पासून सिंगापूरच्या साहाय्याने चिंची सरोवराभोवती उभारलेले औद्योगिक शहर, सहा-सहा पदरी रस्ते आणि वीस-पंचवीस मजली इमारती. आमचे घर अकराव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये चार नंबरचे बटणच नव्हते, चौदाचेही नव्हते. चार या आकड्याचा उच्चार चिनीत 'मरण' या शब्दाच्या उच्चाराजवळ जातो, म्हणून तो मजलाच गाळायचा. थोरलीला याची फार गंमत वाटली. 'म्हणजे आई, आपण खरे अकराव्या नाही, दहाव्या मजल्यावर आहोत,' असे तिने हिशेब करून सांगितले.

पोहोचल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलीस चौकीत जाऊन परदेशी माणसाने आपला पत्ता तेव्हा नोंदवायचा असे. मग मोठ्यांची वैद्यकीय तपासणी, रक्त, एक्स-रे, हृदयाचा आलेख, आणि मग राहण्याचा परवाना. ही धावपळ कंपनीतल्या एका मुलीने आमच्याबरोबर फिरून पार पाडली. पहिला आठवडा ती होती तोवर मला वाटत होते, जमेल सगळे. नवव्या दिवशी हे कारखान्यात, थोरली शाळेत, आणि घरात मीठ संपलेले.

याआधी यांच्या बदलीमुळे आम्ही नाशिकहून बडोद्याला गेलो होतो. तिथे गुजराती आठवडाभरात कानाला कळायला लागली, महिन्याभरात मी भाजीवाल्याशी घासाघीस करत होते. त्याच भरवशावर वहीत 'मीठ म्हणजे येन' असे लिहून घेतले आणि धाकटीला कडेवर घेऊन खालच्या दुकानात गेले. 'येन,' मी म्हटले. दुकानदार हसला आणि त्याने मागच्या फळीवरच्या सिगारेटींकडे बोट केले. मी मान हलवली, पुन्हा म्हटले, 'येन, येन.' त्याने दुसऱ्या, जास्त महागड्या सिगारेटी काढल्या. चिनी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. सूर वर चढवला तर येन म्हणजे मीठ, सरळ ठेवला तर येन म्हणजे सिगारेट. मूल कडेवर घेतलेली ही परदेशी बाई भर दुपारी सिगारेटी मागते आहे, असे त्या भल्या माणसाला वाटले असणार. शेवटी मी स्वतःच फळीवरून पांढऱ्या दाण्यांची एक पिशवी उचलली. घरी आल्यावर वरणात घातली आणि चव घेतली, तर ते अजिनोमोटो!

आज हसू येते. त्या दिवशी मात्र मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. मिठासाठी नाही. मी एम. ए. झालेली बाई, आणि त्या गावात मला मीठ मागता येत नव्हते, पिशवीवर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. धाकटी माझ्याकडे बघत उभी होती.

हे म्हणाले, 'कामाला एखादी बाई ठेव. भाषाही कानावर पडेल.' कंपनीतल्या मुलीने एक बाई आणून दिली. तासाला पंधरा युआन, त्या वेळचे आपले शंभर-सव्वाशे रुपये. चीनमध्ये घरकाम करणाऱ्या बाईला 'आयी' म्हणतात. खरा अर्थ मावशी. रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही मध्यमवयीन बाईला मुले आयीच म्हणतात, आपल्याकडे काकू म्हणतात तसे. आणि आयीने घरच्या मालकिणीला म्हणायचे 'थायथाय', म्हणजे बाईसाहेब. मला ते पहिल्या दिवसापासून 'ताईताई' असेच ऐकू आले. मी तिला आयी म्हणायचे, ती मला ताईताई. ऐकणाऱ्याला वाटावे, दोघी माहेरच्याच.

आमची आयी चाळिशीच्या आतबाहेरची, बुटकी, गालांवर उन्हाने आलेला लालसर रंग. आन्ह्वे प्रांतातल्या फूयांगकडची. त्या भागातून लाखो माणसे शांघाय-सुझौकडे कामाला येतात, आपल्याकडे कोकणातून मुंबईला गेली तशी. पहिल्या दिवशी आल्याआल्या तिने चपला बाहेर काढल्या, पिशवीतून स्वतःच्या घरातल्या सपाता काढून घातल्या आणि दोन्ही मुलींकडे बघून मला काहीतरी विचारले. कंपनीतल्या मुलीने हसत भाषांतर केले. 'विचारतेय, दोन्ही तुमच्याच का? मग दुसरीसाठी दंड किती भरावा लागला?'

हा प्रश्न पुढे मला लिफ्टमध्ये, बागेत, भाजीबाजारात पुष्कळांनी विचारला. तेव्हा तिथे शहरातल्या जोडप्याला एकच मूल, हा नियम होता. २०१६ पासून दोन मुलांना परवानगी मिळाली, २०२१ मध्ये तीनला. पण २०११ साली दोन मुलींचे हात धरून चालणारी आई म्हणजे वळून बघण्यासारखी गोष्ट होती. म्हाताऱ्या बायका थांबून धाकटीच्या गालाला हात लावायच्या आणि मला रागे भरायच्या. शब्द कळत नसले तरी अर्थ कळायचा, कारण त्या तिच्या गळ्याशी बोट नेऊन सदऱ्याची बटणे लावायच्या. मुलाला पुरेसे कपडे घातले नाहीत, हा तिथल्या आजीबाईंच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा!

आता पोळीचे सांगते. तिथली कणीक म्हणजे पांढरी, आपल्या मैद्याच्या जातीची. माझ्या पोळ्या तव्यावरून उतरेपर्यंत बऱ्या, डब्यात गेल्या की चामडे. थोरली डबा तसाच परत आणायची. आयी आठ दिवस हे बघत होती. एका सकाळी तिने माझ्या हातातली परात सरळ ओढून घेतली. पिठाच्या एका बाजूला कढत पाणी ओतले, काठीने ढवळले, उरलेले पीठ गार पाण्याने एकत्र केले, मळून फडक्याखाली झाकून ठेवले आणि फरशी पुसायला निघून गेली. अर्ध्या तासाने आली आणि मूठ नसलेल्या बारीक लाटण्याने, एका हाताने पोळी गरगर फिरवत लाटली. संध्याकाळपर्यंत मऊ. फूयांगकडे भातापेक्षा गव्हाचे खाणे जास्त, हे मला नंतर कळले. आपण तांदळाच्या भाकरीला उकड काढतो, तीच ही युक्ती. इतकी वर्षे भाकरीला उकड काढत आले, पण गव्हाला काढून बघावी हे कधी सुचले नव्हते. ज्यांना परदेशात हलक्या पिठाच्या पोळ्या कराव्या लागतात त्यांनी करून बघावे.

आम्ही मांस खात नाही, अंडी खातो. हे समजावताना मात्र तिची आणि माझी दोघींची दमछाक झाली. 'मांस नको' म्हटले की तिथे डुकराचे नको असा अर्थ होतो. वांग्याच्या भाजीत कोळंबीचा चुरा असतोच. एक दिवस तिने कपाळावर हात मारला, दोन्ही हात जोडून डोळे मिटले आणि विचारले, 'बुद्ध?' तिची आई चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार करायची. मी मान डोलावली. बुद्ध नसेल, पण एकादशी-संकष्टीचे गणित तिच्या हिशेबात बसले. त्यानंतर आमच्या घरी टोमॅटो घातलेली अंडी, कमळाचे कंद, दुधी, टोफू यांची रेलचेल झाली. उन्हाळ्यात ती हिरवे मूग शिजवून, साखर घालून, गार करून मुलींना द्यायची. मुगाने उष्णता उतरते, असे तिचे म्हणणे. माझ्या सासूबाईंचेही तेच म्हणणे.

धाकटी दिवसभर तिच्या मागे. सरोवराकाठी तिला ती फिरवून आणायची, दुपारी मांडीवर घेऊन झोपवायची. दिवाळीपर्यंत धाकटी चिनी बोलायला लागली. पहिला शब्द शिकली 'बू याव', म्हणजे 'नको'. जेवायला बू याव, आंघोळ बू याव. माझे सूर चुकले की मान हलवून दुरुस्त करायची. एकदा सासूबाई नाशिकहून स्काइपवर बोलत होत्या. धाकटी पडद्यासमोरून उठून स्वयंपाकघराकडे धावली, 'आयी, आयी!' सासूबाईंनी विचारले, 'अगं, तू तर इथे बसलीयेस. ती कोणाला आई म्हणतेय?'

मी हसून वेळ मारून नेली. पण खरे सांगायचे, तर तो प्रश्न मला लागला होता. कारण तोच प्रश्न महिनाभर माझ्या मनात होता. रात्री झोपताना धाकटी माझ्या कुशीत असायची आणि 'आयी उद्या येणार?' असे विचारून झोपायची. मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही. मी फ्रीजमधली अंडी मोजू लागले. दुपारी बाहेर जाते असे सांगून पंधरा मिनिटांत परत यायचे, ती काय करते बघायला. ती एकतर इस्त्री करत असायची, नाहीतर धाकटीला घास भरवत. एकदाही तिने मला वेगळे काही करताना सापडू दिले नाही, आणि याचाही मला रागच यायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण झाले ते असे झाले.

डिसेंबरात थंडी पडली. उत्तर चीनमध्ये सरकार हिवाळ्यात घरे गरम करते. ह्वाय नदीच्या दक्षिणेला तशी सोय नाही, आणि सुझौ त्या नदीच्या दक्षिणेला. बाहेर तीन अंश, घरात सात. आम्ही घरातही कोट घालून वावरत होतो. हवा दमट, त्यामुळे थंडी हाडात शिरते आणि कपडे आठवडाभर वाळत नाहीत. ऊन पडले, की समोरच्या सगळ्या इमारतींच्या खिडक्यांतून रजया बाहेर यायच्या. आयी आमच्या गोधड्याही टाकायची आणि संध्याकाळी काठीने बडवून आत घ्यायची.

जानेवारीत हे चार दिवसांसाठी उत्तरेकडच्या कारखान्यात गेले. दुसऱ्या रात्री धाकटीला ताप भरला. घरातल्या चिनी थर्मामीटरने ३९.४ दाखवले. मला फॅरनहाइटची सवय. कागद घेऊन हिशेब केला तर जवळजवळ १०३. औषध दिले, ओल्या फडक्याने अंग पुसले, उतरेना. रात्रीचे साडेअकरा. यांचा फोन लागत नव्हता. कंपनीतल्या मुलीचा बंद. मी आयीला फोन केला आणि मला येत होते ते दोन शब्द बोलले, 'मूल, ताप.' ती काहीतरी भराभर बोलली आणि फोन ठेवला. मला वाटले, झोपेतून उठवल्याने वैतागली.

वीस मिनिटांत दारावर थाप. ती विजेच्या स्कूटरवरून आली होती. तिथे हिवाळ्यात स्कूटरच्या पुढे रजईसारखे जाड अंगरखे बांधतात, तो तिने तसाच काढून खांद्यावर आणला होता. धाकटीला त्यात गुंडाळले, थोरलीला उठवून कोट घातला आणि टॅक्सी थांबवली. सरकारी रुग्णालय होते. आधी खिडकीवर नंबर काढायचा, पैसे भरायचे. मग डॉक्टर. डॉक्टरने चिठ्ठी दिली की पुन्हा खिडकी, पुन्हा पैसे, मग बोटातून रक्त काढायचे. अहवाल मिळाला की पुन्हा डॉक्टर, पुन्हा खिडकी. रात्री एक वाजता तिथे आपल्याकडच्या एस. टी. स्टँडवर असते तेवढी गर्दी. एकेका मुलामागे आई, बाप, आजी, आजोबा, सगळे. मी एकटी असते तर कोणत्या रांगेत उभे राहावे तेही मला कळले नसते. आयी धक्के देत पुढे जायची, वाद घालायची, माझ्या पाकिटातून पैसे मोजून द्यायची आणि प्रत्येक पावती माझ्या मुठीत कोंबायची. अंडी मोजणारी मी त्या पावत्या घेऊन तिच्या मागे धावत होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, आई कोण? निदान मला तरी तसे वाटले, कारण आयीने मला दंडाला धरून पुढे केले. सलाईन लावायचे ठरले. एका मोठ्या दालनात ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी एक खांब, खांबाला बाटल्या टांगलेल्या आणि आईच्या मांडीवर मुले. लहान मुलांना कपाळाच्या शिरेत सुई टोचतात हे मला माहीत नव्हते. (पुढे, २०१६ मध्ये, च्यांगसू प्रांतात मोठ्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात मुलांचे दवाखाने वगळता सलाईन लावणे बंद केले गेले. उठसूट सलाईन लावण्याची तिथे फारच सवय झाली होती.) नर्सने वस्तरा घेऊन कपाळाजवळचे केस थोडे काढले आणि धाकटी किंचाळली, 'आई!' की 'आयी'? आम्ही दोघी एकदम पुढे झालो. आयी तिथल्या तिथे थांबली. एक पाऊल मागे सरली आणि थोरलीचा हात धरून माझ्या खुर्चीच्या पाठीशी उभी राहिली. पहाटे साडेचारपर्यंत बाटली तिनेच धरली होती, कारण आमच्या खांबाचा हूक तुटलेला होता.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. अंडी मोजणे मी त्याच रात्री सोडले.

दोन आठवड्यांवर वसंतोत्सव होता, म्हणजे चिनी नववर्ष. त्या वर्षी ते २३ जानेवारीला आले, ड्रॅगनचे वर्ष. या सणाला सारा चीन आपापल्या गावी जातो. आपल्याकडे गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना जी झुंबड असते, ती संबंध देशभर, महिनाभर असते असे समजा. त्याच वर्षी सगळ्या गाड्यांची तिकिटे संगणकावर काढायची सोय झाली होती, आणि संगणक काही चालेना. हे ऑफिसात बसून तिच्यासाठी तीन दिवस प्रयत्न करत होते. जिच्याकडे संगणक नाही त्या बाईने काय करावे? ती रात्रभर स्टेशनवर रांगेत उभी राहिली आणि एक बिनजागेचे तिकीट घेऊन आली. म्हणजे रात्रभराचा प्रवास उभ्याने.

सणाला आयीला एका महिन्याचा पगार जास्तीचा द्यायची पद्धत असते. मी आपली आपल्या रीतीने पांढऱ्या पाकिटात पैसे घातले, वर शुभ म्हणून एक युआनचे नाणे ठेवले. तिने पाकीट बघितले आणि तिचा चेहराच उतरला. मग एकदम हसत सुटली. पांढरे पाकीट तिथे मयताच्या घरी देतात! शिवाय शुभकार्याला रक्कम समसंख्येतच हवी. तिने नाणे काढून माझ्या हातावर ठेवले, नोटा खिशात घातल्या आणि पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग स्वतःच्या पिशवीतून लाल पाकिटांचा जुडगा काढून दोन मला दिली, आणि दोन मुलींच्या हातात ठेवली. त्यात वीस-वीस युआन होते. मी नको नको म्हणत राहिले, ती ऐकेना.

जाताना तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. नऊ वर्षांचा मुलगा, शाळेच्या गणवेशात, गळ्यात लाल रुमाल. आमच्या थोरलीएवढाच. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला कळले, की तिला मुलगा आहे. मी कधी विचारलेच नव्हते. नवरा दुसऱ्या शहरात बांधकामावर, मुलगा गावी आजीपाशी. तिथे प्रत्येक माणसाची नोंद त्याच्या मूळ गावी असते. गावच्या नोंदीवर शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळणे कठीण, आणि पुढच्या मोठ्या परीक्षेला तेव्हा नोंदीच्या ठिकाणीच बसावे लागायचे. शिवाय सुझौत ती चौघींबरोबर एका खोलीत राहायची. म्हणून मुलगा वर्षातून एकदा आईला बघायचा, या सणाला.

ती दहा दिवसांनी येते म्हणाली होती. दहा झाले, पंधरा झाले. कंदिलांचा सण झाला, त्याने नववर्षाचा सण संपतो. तिचा फोन बंद. इमारतीतल्या बायका म्हणाल्या, सणानंतर निम्म्या आया परत येत नाहीत, दुसरीकडे जास्त पगार मिळाला की तिकडे जातात. धाकटी रोज सकाळी दाराशी तिच्या सपाता जुळवून ठेवायची. मी फरशी पुसत होते, कपडे वाळवत होते, आणि येईना तर मुलीला काय सांगायचे याचा विचार करत होते. मनातून असेही वाटायचे, तिथेच राहिली असेल मुलाजवळ, तर बरेच आहे की.

एकविसाव्या दिवशी ती आली. पाठीवर गोणपाटाची पिशवी, तिच्यात वाळवलेला मुळा, शेंगदाणे, आणि धाकटीसाठी घरी शिवलेले, कापूस भरलेले जोडे. धाकटी जी तिच्या गळ्यात पडली ती अर्धा तास सोडेना. आयीने तिला थोपटत थोपटत मला सांगितले. माझी चिनी तोवर तेवढी झाली होती. मुलगा पहिले दोन दिवस तिच्याजवळ आलाच नाही, आजीच्या मागे लपत होता. तिसऱ्या दिवशी आला. मग निघायच्या दिवशी सोडेना. म्हणून ती थांबली, एक दिवस, आणखी एक दिवस. शेवटी तो शाळेत गेल्यावर, त्याला न सांगता निघून आली.

ती हे सांगत असताना माझी मुलगी तिच्या मांडीवर होती. मला तिला उचलून घ्यावेसे वाटले आणि तेही बरे दिसेना. मी चहा टाकला.

रात्री मी यांना म्हटले, 'त्या मुलाला सुट्टीत इकडे बोलावू या.' हे म्हणाले, 'ठेवणार कुठे?' रात्री तो आईच्या खोलीवर झोपेल, दिवसभर आपल्याकडे असेल, असे ठरले. उन्हाळ्याच्या सुट्टीत अशी हजारो मुले गावाहून आईबापांकडे शहरात येतात. चिनीत त्यांना 'छोटे स्थलांतरित पक्षी' म्हणतात. जुलैमध्ये तो आला. पावसाळी, कुबट महिना. तिथे त्या दिवसांत भिंतींना, चामड्याच्या पट्ट्यांना, आमच्या पापडांनासुद्धा बुरशी चढते. तो आठवडाभर कोणाशी बोलला नाही. मग थोरलीने त्याला सापशिडी दाखवली. त्याने तिला एका हाताच्या बोटांनी दहापर्यंत मोजायला शिकवले. तिथे सहापासून दहापर्यंतही एकाच हाताच्या खुणा असतात. एप्रिलमध्येच सुझौत मेट्रोची पहिली लाइन सुरू झाली होती. रविवारी आम्ही सगळे काही काम नसताना तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलो. तो पूर्ण वेळ पुढच्या डब्याच्या काचेला नाक लावून उभा.

धाकटी मात्र त्याच्यावर रुसलेली. आयी त्याला पोळीवर साखर पसरून द्यायची, तेव्हा ही मध्ये जाऊन बसायची. एक दिवस तिने त्याला ढकलले आणि म्हणाली, 'माझी आयी!' तो मुलगा उठला. रागावला नाही. तिला नीट समजावून सांगावे तसा म्हणाला, 'ती तुझी आयी आहे. माझी मामा आहे.' चिनीत आईला 'मामा' म्हणतात. धाकटीने माझ्याकडे बघितले. आपल्याकडे मामा कोण ते तिला ठाऊक होते, त्यामुळे ती पार गोंधळून गेली आणि तिचा राग तिथेच विरला. ओट्याशी उभी असलेली आयी पाठमोरीच राहिली, बराच वेळ वळली नाही.

ऑगस्टच्या शेवटी ती त्याला गावी सोडून आली. सप्टेंबरात धाकटी तिथल्याच बालवाडीत जाऊ लागली. दुपारी ओळीने मांडलेल्या छोट्या पलंगांवर सगळ्या मुलांबरोबर झोपायची. पुढची दोन्ही वर्षे तो मुलगा उन्हाळ्यात आला.

२०१४ मध्ये आम्ही नाशिकला परतलो. तोवर आयीने नवा फोन घेतला होता आणि वीचॅटवर आमचे बोलणे चालायचे. तिला लिहिण्याचा कंटाळा, त्यामुळे ती आवाजातच निरोप पाठवायची, मोठ्याने, बाजारात हाक मारल्यासारखी. मुलगा तांत्रिक शाळेत गेला, मग तीही गावी परतली, सासूचे दुखणे काढायला. २०२० च्या जूनमध्ये भारतात ते ॲप बंद झाले आणि आमचे बोलणे थांबले. तिचा दुसरा नंबर मी कधी घेतला नव्हता. गावाचे नाव माहीत आहे, पण फूयांगच्या आसपास अशी गावे किती असतील!

धाकटी आता कॉलेजात जाते. चिनी सगळी विसरली. सुईची खूण कपाळावर केसांखाली आहे, ती तिला दाखवली तरी तिला काही आठवत नाही. पोळ्यांची कणीक मी आजही हलकी निघाली की अर्धी कढत पाण्यानेच भिजवते. आणि तिसरी पोळी वाढायला गेले, की धाकटी ताटावर हात आडवा धरून म्हणते, 'बू याव.'